बांड्याचं आवतन

आज सकाळी धुऱ्यावरून पळसाची मूठभर पानं तोडून आणली, पदरात बांधून. पळसाचं पान हाताला खरबरीत लागतं, पण तुपात बुडवलं की चामड्यासारखं मऊ होतं. उद्या पोळा, म्हणजे आज खांदशेकणी. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलाचा खांदा कोमट पाण्यानं धुतात. वर्षभर जू वाहून तिथं घट्टा पडलेला असतो. मग तुपात हळद कालवून ती पळसाच्या पानानं खांद्यावर हळूहळू शेकतात, आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आवतन म्हणजे जेवणाचं निमंत्रण. बैल घरचा, गोठा घरचा, चाराही घरचाच. तरी आवतन दिल्याशिवाय त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवायची नाही. मला ही गोष्ट लहानपणापासून फार आवडते. ज्याच्याकडून वर्षभर न विचारता काम घेतलं, त्याला एक दिवस तरी रीतसर विचारायचं.

आमच्या गोठ्यात आता बैल नाही. गव्हाणीच्या खुंट्याला टेकून मोटारसायकल उभी असते. शंभर सीसीची, काळी, बरीच म्हातारी. टाकीच्या एका अंगाला रंग उडून पांढरा पट्टा पडला आहे, म्हणून आमच्या ह्यांनी तिचं नाव ठेवलं बांड्या, पांढऱ्या पट्ट्याच्या बैलाचं ठेवतात तसं. शेवटची बैलजोडी नणंदेच्या घरी दिली त्या वर्षीची गोष्ट. धान रोवायला ट्रॅक्टरनं चिखल होऊ लागला, बैल बसून खाऊ लागले, म्हणून दिले. मग खांदशेकणीचा दिवस आला आणि हे दिवसभर घरात-दारात, दारात-घरात करत राहिले. संध्याकाळी तुपाची वाटी उचलली आणि गाडीपाशी जाऊन बसले.

मी म्हटलं, "अजी, गाडीले खांदा कुठी असते जी?"

"जिथं ओझं येते तो खांदा," हे म्हणाले, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही शॉकअपला हळद लावली. मग चैनीला तेल दिलं, ब्रेक आवळला, प्लग पुसला, आणि हेडलाइटपाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पदर तोंडाला लावून हसले. दुसऱ्या दिवशी मात्र हँडलवर पुरणपोळी मीच नेऊन ठेवली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. गाडीला हात फक्त ह्यांचा. गोरेगावच्या बाजारात मेकॅनिकची रांग आहे, पण हे त्यांच्याकडे चहा प्यायला जायचे, गाडी दाखवायला क्वचितच. गावातल्या दुसऱ्यांच्या गाड्यासुद्धा हे सपरीत बसून ओळखायचे. आमच्या घरापुढची सपरी, म्हणजे पडवी, रस्त्याला लागून आहे. गाडी गेली की म्हणायचे, "याची चैन ढिली हाय," नाहीतर, "याच्यात ऑईल नाई, मारून राहिला बिचारीले." मला सगळ्या गाड्यांचा आवाज एकसारखा. मी आपली भाकरी थापत असायची.

हे सगळं आज आठवतंय ते दोन पोळ्यांमागच्या त्या पोळ्यामुळे. त्या वर्षी आवतन मी दिलं होतं.

त्या वर्षी आषाढात, रोवणी अर्ध्यावर असताना, ह्यांना धानाच्या बांधीतच लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढू लागला, आणि बोलणं बंद झालं. गोंदियाच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पाय थोडा सुधारला. हातातही धुगधुगी आली. बोलणं मात्र येईना. व्यायाम करून घेणारी एक तरुण बाई होती, गोंदियाचीच, हिंदी बोलणारी. तिनं घशाला, जिभेला काय काय करून पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "माताजी, आवाज है अंदर. बोलने का मन होना चाहिए."

मी म्हटलं, "मन तो होता होगा ना बाई, पानी-गिनी तो लगताच है."

"वही तो," ती म्हणाली. "बाबूजी आँख उठाते हैं और आप गिलास पकड़ा देती हो. सब कुछ आप ही समझ लोगे, तो बाबूजी बोलेंगे काहे को?"

मला तेव्हा तिचा राग आला होता. चाळीस वर्षं ज्या माणसासोबत काढली, त्याच्या डोळ्यातलं कळतं हा काय गुन्हा झाला? पाणी पाहिजे की तंबाखू, ऊन लागतंय की माशी बसली, हे मला त्यांच्याआधी कळायचं. ठरवून थांबायचा प्रयत्न केला, तर हात आधीच पाण्याच्या गुंडाकडे गेलेला. आणि न समजल्याचं सोंग घेतलं, तर हे माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे की मी सोंगासकट विरघळून जायची. पुढे पुढे त्यांनी डोळा उचलणंही कमी केलं. सपरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला भीती वाटायला लागली होती ती लकव्याची नव्हे. आता हा माणूस असाच राहायचं ठरवून बसला आहे, याची.

बाहेर श्रावण होता. रोवणी संपली की आमच्याकडे गाव थोडं पाठ टेकतं. बांध्यांमध्ये पाणी तुंबलेलं, त्यात धानाचा हिरवा रंग इतका की डोळे मिटले तरी तो पापण्यांच्या आत राहतो. बाया रानातून सात्या आणायच्या, त्या पांढऱ्या आळंब्यांचा रस्सा शिजला की अख्ख्या गल्लीला कळायचं. कोणी आणून दिल्या तर मी ह्यांच्यापुढे ठेवायची. हे खायचे, पण कसं झालं ते सांगायला कोण होतं.

मग खांदशेकणी आली. संध्याकाळी घरोघरी बैल धुण्याचा आवाज, घंट्यांचा आवाज, आणि आमच्या गोठ्यात बांड्या, दोन महिन्यांची धूळ अंगावर घेऊन. माझा चुलत दीर नामदेव कधीमधी तिच्यावरून बाजारहाट करायचा, पण नामदेव भाऊजींना किक मारता येते, बाकी गाडीतलं काही म्हणता काही येत नाही. मी खाटेकडे पाहिलं. तोंड भिंतीकडे. मग मीच वाटीत तूप घेतलं.

शॉकअपला हळद लावली. कोणी पाहत तर नाही ना, हे बघून घेतलं, आणि हेडलाइटपाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवाज माझा मलाच परका वाटला. मग आठवलं, हे याच दिवशी चैनीला तेलही देतात. कोणतं तेल ते मी कधी पाहिलं नव्हतं. पण माझं माहेर बोदलकसाकडचं, शेतकऱ्याचं. आमचे बाबा बैलबंडीच्या आसाला ओंगण घालायचे, जवसाच्या तेलात तणसाची राख कालवून. बंडीचं चाक काय आणि गाडीचं चाक काय. घरात जवसाचं ताजं तेल होतं. चांगली अर्धी वाटी चैनीवर ओतली, राखेसकट. मनात म्हटलं, घे बाप्पा, पोटभर.

मागून खाटेवर धपधप आवाज आला. हे डाव्या हातानं खाटेच्या माचव्यावर मारत होते, डोळे मोठे करून. मी पाण्याचा गिलास नेऊन दिला. त्यांनी गिलास भिरकावला.

मी तेव्हा रडले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रडले. त्या पहाटे आमच्याकडे इडापीडा नेणाऱ्या नारबोदेला वाटेला लावायला लोक घराघरातून पळसाच्या फांद्या घेऊन निघतात आणि ओरडत गावाबाहेर जातात, "रोगराई, खोकला, इडापीडा घेऊन जा गे नारबोद." मी दारात उभी राहून हळूच म्हटलं, "आमच्या घरातलं मुकेपण घेऊन जा गे नारबोद." इतक्या गलक्यात तिला ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

तेल देणं मात्र मी सोडलं नाही. मला वाटलं, तेवढं तरी ह्यांच्या गाडीसाठी करावं. गणपती बसले, गौरी आल्या, गेल्या, आणि मी दर दोन दिवसांनी चैनीवर जवसाची धार धरत राहिले. खाटेवरची धपधप वाढत गेली. मी समजत होते, ह्यांना कोणी गाडीला हात लावलेला आवडत नाही.

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी दुपारी नामदेव भाऊजी घामाघूम होऊन गाडी ढकलत अंगणात आले. स्टँड लावला, खाली वाकून चैनीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, चैनीत कायची फोडणी टाकली वो तुमी?"

"जवसाचं तेल हाय. काऊन, काय झालं?"

"काय झालं म्हन्ता? कडीनं कडी चिपकली. हे पाहा, लाडवाचा पाक. चैन धड फिरूनच नाई राहिली, मी दोन कोस ढकलत आणली."

जवसाचं तेल वाळलं की चिकट होतं, लाखेसारखं घट्ट बसतं, हे मला तेव्हा कळलं. बंडीच्या आसात ते राखेत जिरतं आणि रोज नवं पडतं. उन्हात उभ्या असलेल्या चैनीवर रस्त्याची सारी माती त्यानं धरून ठेवली होती. मी तोंडाला पदर लावून उभी. तेवढ्यात खाटेकडून एक आवाज आला. खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे. हे हसत होते. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच होतं, खांदा मात्र गदागदा हलत होता. आणि मग ह्यांच्या तोंडातून तुटका, ओला, पण स्पष्ट शब्द आला.

"डि... झल."

दोन महिन्यांनंतरचा पहिला शब्द. चाळीस वर्षांचा संसार, दोन लेकरं, तीन नातवंडं, आणि पहिला शब्द डिझेल. भाऊजी धावत सुटले, कोणाच्या तरी ट्रॅक्टरमधून बाटलीभर काढून आणलं. मी जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि चैनीपाशी पिढं टाकून बसले. एकेक कडी डिझेलनं घासायची, फडक्यानं पुसायची. घाण निघायची, खाली लोखंड चमकायचं. धानाच्या बांधीत निंदण काढावं तसं ते काम, मान खाली आणि एकेक करून पुढे. सारी चैन मोकळी झाली तेव्हा मी मान वर करून विचारलं, "आता कोनतं तेल देऊ जी?" आणि विचारताना मला पहिल्यांदा जाणवलं की मला खरंच माहीत नाही. ह्यांच्या डोळ्यात बघूनही कळत नव्हतं. हात कुठेच आपोआप जात नव्हता.

ह्यांनी ओठ हलवले. वेळ लागला. कोंबडी अंगणातून इकडून तिकडे गेली. "न... नव्वद."

नव्वद नंबरचं ऑईल. गोठ्याच्या कोनाड्यात डबा होता, वर्षानुवर्षं तिथंच, मी रोज त्याच्यापुढून झाडत आले.

त्या रात्री झोपताना गोंदियाच्या त्या बाईची माफी मागितली, मनातल्या मनात. घरातलं असं एकही काम नव्हतं ज्यात मला ह्यांच्या बोलण्याची गरज होती. देवाच्या दयेनं गाडीतलं मला काहीच येत नव्हतं.

पोरगा नागपूरला असतो. त्याला कळलं तर फोनवर म्हणाला, "आई, मेकॅनिकले देऊन दे ना. तू कायले हात काळे करून राहिली या वयात?"

मी म्हटलं, "मेकॅनिक बोलते खूप. मले कमी बोलणाऱ्या मानसाकडून शिकाचं हाय."

मग तो अख्खा मोसम, गौरी गेल्यापासून धान घरी येईपर्यंत, आमची शाळा चालली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नट-बोल्ट खोलायचे पाने ठेवलेले. दहा, बारा, चौदा, सतरा. मला वाटायचं पाना म्हणजे पाना. पण प्रत्येकाचं तोंड वेगळं, आणि चुकीचा लावला तर नटाचे कान गोल होऊन जातात, मग तो कोणालाच दाद देत नाही. हे माणसांबाबत मला ठाऊक होतं, लोखंडाबाबत नव्हतं. हे खाटेवरून म्हणायचे, "सतरा." मी चौदाचा उचलायची. ते मान हलवायचे, "स... तरा." इतका शब्द त्यांनी त्या महिन्यात उच्चारला की सतराचा आकडा ऐकला की मला अजून सपरीतलं ऊन आठवतं.

इंजिनचं ऑईल बदलायचं तो दिवस तर विसरायचाच नाही. बोल्ट इंजिनच्या पोटाखाली. मी उताणी निजले नाही, वयाला शोभत नाही, म्हणून वरूनच हात घालून फिरवायला लागले. जोर लावते, घट्टच होतो. आणखी जोर लावते, आणखी घट्ट. पान्याला फडकं गुंडाळलं, देवाचं नाव घेतलं.

"उलटं," खाटेवरून.

"डावीकडेच फिरवून राहिली ना जी मी."

"खा... खालून पाह."

दोन शब्द, एकापुढे एक. मी पान्यासकट थिजले. मग त्यांना कळू नये म्हणून लगेच खाली वाकून पाहिलं. खरंच की. वरून डावं ते खालून उजवं. बोल्ट सुटला, काळं ऑईल घमेल्यात धारेनं उतरलं, गरम, करपलेल्या गुळासारख्या वासाचं. जुनं ऑईल फेकत नाहीत आमच्याकडे, दाराच्या चौकटीला लावलं की वाळवी लागत नाही. नवं ऑईल भरलं, बोल्ट आवळला, आणि आनंदात त्याचं तांब्याचं वायसर घमेल्यातच राहून गेलं. रात्रभर थेंब थेंब. सकाळी पाहते तर सारवलेल्या अंगणभर कोंबडीच्या काळ्या पावलांची रांगोळी, थेट देवघरापर्यंत. हे पाहत होते. बराच वेळ पाहून म्हणाले, "लक्ष... मी आली." चेष्टा. माझा नवरा चेष्टा करून राहिला होता. मी अंगण सारवायला घेतलं ते शेणाच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं म्हणून बरं झालं.

किकचं म्हणाल तर माझ्या नडगीवर अजून निशाणी आहे. अर्धी किक मारली की ती उलटून येते. लुगडं वर खोचून, हँडल धरून, "अर्धी... नको, पुरी मार," असं खाटेवरून ऐकत मी एकदाची गाडी चालू केली तेव्हा शेजारच्या कौसाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. "काऊन वं," त्या म्हणाल्या, "पानटपरीच्या बाजूले गॅरेज टाकाचा विचार हाय का?" मी म्हटलं, "टाकतो ना. पयली गाडी तुमच्या मालकाची घेतो, तिच्यात ऑईल नाई." कौसाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. खाटेवरून पुन्हा ते खोकल्यासारखं हसू. खरं सांगते, ऑईल नाही हे मला आवाजावरून कळलं होतं. कधी कळायला लागलं ते मात्र कळलं नव्हतं.

हळदीकुंकवाला जायचं तर नखांत काळं. राखेनं घासा, लिंबानं घासा, जात नाही. बाया माझ्या हाताकडे बघायच्या. आधी मी पदरात लपवायची. मग सोडून दिलं. चुलीचं काळं बाईच्या हाताला शोभतं आणि इंजिनचं शोभत नाही, असं कोणी ठरवलं आहे?

दिवस जात होते. धान पोटरीत आलं, निसवलं. लोंब्या बाहेर पडल्या की बांध्यांवरून एक वास येतो, कोवळा, दुधाळ, तापल्या भाताच्या पेजेसारखा. हे काठी टेकत कुंपणापर्यंत यायला लागले. शब्द वाढत होते, पण हळूहळू, विहिरीला पाणी चढावं तसे. प्लग. घास. काजळी. चैन दाबून पाह. दोन बोटं. आणि माझंही शिकणं वाढत होतं. तिथंच पंचाईत झाली.

दिवाळी आली तोवर मला बरंच काही यायला लागलं होतं. कोणता नट कितीचा, ब्रेक किती आवळायचा, चैनीत दोन बोटांची ढील ठेवायची, हे सगळं. आणि ज्या दिवशी मी न विचारता सगळं उरकलं, त्या दिवशी हे दिवसभर बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. मी पुन्हा पाण्याचा गिलास झाले होते. रात्री पडल्या पडल्या मला तो भिंतीकडे वळलेला चेहरा दिसायला लागला.

म्हणून मी चुकायला लागले. सतरा म्हटलं की मुद्दाम चौदा उचलायची. प्लग उलटा धरायची. कापणी चालू होती, मळणीचा भुसा सगळीकडे उडत होता, गाडीचा एअर फिल्टर त्यानं भरून गेलेला. तो कसा झटकायचा हे मला चांगलं माहीत होतं. मी तो पाण्याच्या बादलीवर धरला आणि खाटेकडे वळून विचारलं, "बुडवू का जी?"

ह्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग फिल्टरकडे, मग माझ्या तोंडाकडे. ज्या माणसाला रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं कळतं, त्याला बायकोचं सोंग कळणार नाही?

"मु... द्दाम," ते म्हणाले. फार जड शब्द, पण पुरा काढला. "मुद्दाम... करतेस."

मी फिल्टर खाली ठेवला. "हो जी. तुमी बोलावं म्हनून."

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भिंत. पण ते उठले, काठी टेकत, पाय ओढत गाडीपाशी आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. खाटेवरून उतरून गाडीपाशी, आषाढानंतर पहिल्यांदा. डाव्या हातानं फिल्टर घेतला, चाकावर दोनदा झटकला. भुसा उडाला, दोघांनाही शिंका आल्या. मग तो माझ्या हातात देत म्हणाले, "आता... मी बी करतो. तू... चुकू नको."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून करायला घेतलं. तीन हातांची मेकॅनिकी. नट मी धरायचा, पाना त्यांनी फिरवायचा. आणि काम करताना माणूस बोलतोच. "धर." "सोड." "थांब ना बाप्पा." शिव्यासुद्धा परत आल्या. एकदा पाना निसटून अंगठ्यावर बसला तेव्हा ह्यांनी जी एक अख्खी, न अडखळता शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही, पण तेव्हा मला ती आरतीसारखी वाटली.

सगळं काही आम्हाला जमलं असंही नाही. इंजिनमधल्या टापेटचा आवाज येऊ लागला, तो ह्यांनी ओळखला, मला दुरुस्त करता आला नाही. गोरेगावला गाडी नेली. मेकॅनिकनं झाकण उघडून आत बघितलं, म्हणाला, "काका, ऑईल चांगलं ठेवलं. कोनाच्या हातची सर्विस हाय?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. तो हसला, त्याला वाटलं थट्टाच आहे. मी माझी नखं त्याच्यापुढे धरली.

हे सगळं घडलं, पण एक राहिलं. गेल्या पोळ्याला ह्यांनी तुपाची वाटी स्वतः घेतली, शॉकअपला हळद लावली आणि हेडलाइटपाशी वाकले. "आज," म्हणाले. पुढचं येईना. "आज... आज..." मानेच्या शिरा ताणल्या, डोळे भरले. आवतन लांब असतं, ते एका दमात म्हणायचं असतं, आणि ते कोणी ऐकत असलं की आणखीनच अडतं. मी पुढं होऊन पुरं करून टाकलं. ह्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेले. पुरणपोळी अर्धीच खाल्ली. मी वर्षभर विचार करते आहे, मी तेव्हा थांबायला पाहिजे होतं का?

इथपर्यंत दुपारी लिहून ठेवलं होतं. आता दिवेलागण झाली आहे, आणि हात पुसून पुन्हा वही घेतली.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं गोठ्यात बसलो. मी चैन घासली, नव्वदचं दिलं, बोटानं दाबून पाहिली, दोन बोटं बरोबर. ह्यांनी डाव्या हातानं पळसाचं पान तुपात बुडवलं, शॉकअपला शेकलं, एक, मग दुसरा. बाहेर गल्लीत बैलांच्या घंट्या चालल्या होत्या. मी मुद्दाम मान खाली घालून डब्यात पाने लावत बसले, ह्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून. हेडलाइटपाशी काही आवाज झाला नाही.

"अवं," ह्यांनी हाक मारली. "इकडे ये."

"काय पायजे, चौदाचा का सतराचा?"

मी सरकून जवळ गेले. पान त्यांनी पुन्हा वाटीत बुडवलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं, उजव्या, लुगड्यावरूनच. तूप कोमट होतं, ते पोलक्यातून आत झिरपलेलं मला कळलं. हात दाबून शेकत होता, गोल गोल, जसा बैलाचा शेकतात.

"जिथं... ओझं," ते म्हणाले, आणि अडले.

मला पुढचं माहीत होतं. अख्खं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी जीभ दातांखाली धरली आणि थांबले. गल्लीतून एक जोडी गेली, दुसरी गेली.

"...येते," ते म्हणाले, "तो... खांदा."

आणि मग, सावकाश, प्रत्येक शब्द नटासारखा नीट बसवत, "आज... आवतन घे. उद्या... जेवाले ये."

मी म्हटलं, "येतो जी. पन रांधाचं तर मलेच हाय ना."

ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत काळे.

"मंग," ते म्हणाले, "पयले हात धू."